कोसभर वाट

वाईहून मेणवली तीन किलोमीटरांवर आहे, म्हणजे जुन्या हिशेबाने साधारण एक कोस. किलोमीटर हा गाडीचा हिशेब आणि कोस हा पायांचा, हे मला सत्तरी उलटल्यावर पटले. नोकरीची बत्तीस वर्षे मी हाच रस्ता आधी सायकलवर आणि नंतर स्कूटरवर तुडवला. पण त्या वर्षांतले खड्ड्यांपलीकडे काही आठवत नाही. आता माघ-फाल्गुनात, ऊन अंगाला सोसते तोवर, आठवड्यातून दोनदा तरी सकाळी साडेसातला मी वाईच्या गणपती घाटावरून निघतो. धडधाकट माणसाला पाऊण तासाची वाट. मला मात्र सव्वा तास लागतो. वरच्या अर्ध्या तासाचा जाब घरी रोज विचारला जातो.

त्यातली पाच-सात मिनिटे पाऊल टाकण्याआधीच जातात. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेच्या पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, अशी ती योजना. लोक पुढे त्या अवाढव्य मूर्तीला हात जोडतात, आणि मी तेथून मागे येऊन त्या दगडी टोकावरून हात फिरवल्याशिवाय निघत नाही. देव पुढचा असला तरी गवंडी मागचा, एवढेच माझे म्हणणे.

गाव मागे पडले की उजवीकडे पांडवगड आणि डावीकडे, नदीपलीकडे, पाचगणीचा सपाट माथा दिसू लागतो. येथून पुढे चालणाऱ्याला खरा अडथळा असतो तो लोकांच्या चांगुलपणाचा. दर पाच मिनिटांनी एखादी मोटारसायकल शेजारी येऊन मंदावते आणि आवाज येतो, "बसा की आजोबा, सोडतो." 'पाय मोकळे करायला निघालो आहे' हे उत्तर कोणालाच पटत नाही. एकदा एका तरुणाने मनापासून विचारले, "वारीची तयारी का?" आषाढीला तेव्हा पाच महिने होते. आमच्याकडे चालण्याला मान आहे, पण त्याला निमित्त लागते. पंढरीला जाणारा, पौषात मांढरदेवच्या काळूबाईला अनवाणी निघालेला, एसटी चुकलेला, हे सगळे रीतसर चालणारे. काम नसताना चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे मात्र लोक काळजीने पाहतात, घरात काही बिनसले असेल अशा नजरेने. शेवटी मला एक मंत्र सापडला, "डॉक्टरांनी सांगितलंय." तो उच्चारताच गाडीवाला मान डोलावतो आणि गिअर टाकतो. प्रत्यक्षात डॉक्टरांनी मला फक्त जिने टाळायला सांगितले आहे.

या दिवसांत वाटेवर हळद शिजत असते. शिजणाऱ्या हळदीचा वास फोडणीतल्या हळदीसारखा नसतो. तो ओल्या मातीचा, आल्याच्या जवळ जाणारा आणि घशाला किंचित बोचणारा असतो, आणि वारा आपल्याकडचा असेल तर शेत दिसण्याच्या कितीतरी आधी पोचतो. गेल्या आठवड्यात एका शेतकऱ्याने वाफाळते हळकुंड अंगठ्याने दाबून पाहिले, मोडले आणि अर्धे माझ्या हातावर ठेवले. आतला रंग पिवळा नव्हताच, चांगला तांबूस केशरी होता. एवढी वर्षे मी वर्गात मुलांना 'हळदीसारखा पिवळा' ही उपमा शिकवत आलो, ती मोडलेले हळकुंड एकदाही न पाहता. त्या दिवशी माझी बोटे पिवळी झाली, तेव्हा उपमेत अगदीच तथ्य नव्हते असे नाही. घरी मात्र कोणाच्या हळदीला जाऊन आलात, अशी चौकशी झाली.

पुढे ओढ्यावरची एक मोरी आहे आणि तिचा कठडा नेमका माझ्या गुडघ्यांच्या सोयीच्या उंचीचा आहे. तेथे चार शेळ्या घेऊन एक आजी बसलेल्या असतात. वयाने त्या माझ्याएवढ्याच असाव्यात, पण मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला गुरुजी म्हणतात. मी शिक्षक होतो हे मी त्यांना कधी सांगितलेले नाही. आमचे बोलणे ठरलेले आहे. "आज उशीर?" असे त्या विचारतात, मी "जरासा" म्हणतो, आणि मग दोघेही शेळ्यांकडे पाहत बसतो.

मेणवलीला पोचलो की नाना फडणवीसांच्या वाड्यात मी सहसा शिरत नाही. तेथे तिकीट, माणसे आणि छायाचित्रे यांची गर्दी असते. मी मागच्या चंद्रकोरी घाटावर उतरतो. मेणेश्वराजवळच्या लहानशा घुमटीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटाही त्याच गोतावळ्यातली मानतात. या घंटेवर बाळाला कडेवर घेतलेली मेरी कोरलेली आहे. चालून घाम आलेल्या हाताला तो धातू सकाळी फार गार लागतो. वसईहून घाट चढून एवढे वजन येथवर कसे आणले असेल, याचा विचार मी पायरीवर टेकून दरवेळी करतो.

पूर्वी मी येथून पुढे धोमपर्यंत जात असे. तेथे पाण्याच्या कुंडात दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला आहे, त्याला पाहून परतायचे, असा नेम होता. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी तो मोडला.

येताना मात्र मी मंत्र म्हणत नाही. जाताना नकार आणि येताना होकार, हा माझा नियम आहे. परवा एका दूधवाल्याने दोन रिकाम्या कॅनांच्या मधल्या जागेत मला बसवले आणि गाडी सोडली. मोरीवर मावशी अजून होत्या. त्यांनी काठी उचलून काहीतरी विचारले. ते ऐकू आले नाही. मी कॅन धरलेला एक हात सोडून वळून हलवला, तोवर हळदीचा वास येऊन गेलासुद्धा होता.