डफर

आज जानेवारीचा शेवटचा बुधवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेत, हे आत घोरून राहिलेत आणि मी शाल गुंडाळून डायनिंग टेबलवर बसलीय, कारण आजचं आजच लिहिलं नाही तर उद्या पोळ्या लाटता लाटता अर्धं विसरून जाईन.

सकाळी पाण्याची कॅन आली, 20 लिटरची, नेहमीचीच. तो पोरगा वर दुसऱ्या मजल्यावर आणून देतो, आज मी म्हटलं खालीच ठेव बाबा, मी नेते. त्याने असं बघितलं की काकूंचं घरात काही बिनसलं का. मी ती पहिले पोटाशी धरली, जमेना, मग खांद्यावर घेतली आणि चढली दोन मजले. मधल्या लँडिंगवर एकदा टेकवली, खोटं कशाला बोलू. वर पोचेपर्यंत कानात धडधड आणि खांद्यावर कॅनच्या कडेचा लाल वळ. पण चढली. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो, आणि केवलारची, म्हणजे हलक्या पण मजबूत धाग्याची, दोघांची कनू, ती वल्ह्याची लांबट अरुंद नाव, ती पण तेवढ्यातच असते, 19-20 किलो. फक्त ती 17 फूट लांब, उलटी करून डोक्यावर घ्यायची, मधल्या आडव्या दांडीला खांद्यांच्या मापाच्या खाचा आणि गाद्या असतात त्यावर तोलायची, म्हणजे सरळ सरळ बैलाच्या मानेवरचं जूच की. आणि तशी घेऊन एका तलावावरून दुसऱ्या तलावापर्यंत जंगलातून चालायचं, दगडधोंड्यातून, चिखलातून. याला पोर्टेज म्हणतात.

हे सगळं काऊन करून राहिली तर त्याला कारण 2023 ची अमेरिकेची खेप. पोरगा मिनियापोलिसला, आम्ही दोघं दोन महिने राहून आलो. पोराने काही कमी केलं नाही, सुट्ट्या टाकल्या, फिरवलं. पण कसं फिरवलं तर गाडीत बसा, उतरा, फोटो काढा, बसा. मॉल, मंदिर, डुलुथला जाऊन लेक सुपीरियर, परत गाडी. आई तू दमशील, आई तू इथेच बस, आई पर्स सांभाळ. 30 वर्षं बँकेत कॅश सांभाळली बाप्पा, दिवसाला किती लाखांचे गठ्ठे मोजले, आणि तिकडे जाऊन मी पर्स सांभाळणारी झाली. एअरपोर्टच्या पट्ट्यावर बॅगा गोल गोल फिरतात ना, कोणी उचलेपर्यंत, तसं वाटायचं मला कधी कधी. हे मात्र मजेत होते, यांना बसवलं तिथे बसतात.

म्हणून दिवाळीत पोरगा फोनवर म्हणाला की पुढच्या वेळेस काहीतरी वेगळं करू, हिवाळ्यात आलात तर बर्फावरची मासेमारी नाहीतर सप्टेंबरात बाउंड्री वॉटर्सच्या जंगलातल्या तलावांवर कनू घेऊन तंबूत राहू, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तो गंमतीत बोलला होता हे मला नंतर कळलं. म्हणाला, टेन्शन नको आई, तू काही करू नको, तू डफर. मी म्हटलं तोंड सांभाळ. तर तो हसून हसून लोळायचा बाकी. तिकडे कनूत तिसरा माणूस मधात बसतो, वल्हं मारत नाही, नुसता बसून राहतो, त्याला डफर म्हणतात म्हणे. पुढचा जोर लावतो आणि खडक बघतो, मागचा दिशा सांभाळतो, आणि मधला म्हणजे सामान. त्या रात्री मला झोप नाही लागली. सकाळी उठून जुनी 200 पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, मी डफर होणार नाही.

पहिले बर्फाचा अभ्यास केला कारण तेच जास्त भीतीचं वाटत होतं. आपल्या नागपूरचा थंडीचा विक्रम म्हणजे 29 डिसेंबर 2018 चे 3.5 डिग्री, त्या दिवशी आमच्या कॉलनीत लोकांनी टायर जाळले होते. आणि तिकडे मिनेसोटात टॉवर नावाच्या गावी 2 फेब्रुवारी 1996 ला उणे 51 होतं! पोराला म्हटलं त्या तळ्यातले मासे मरत कसे नाहीत, तर मग आठवलं की हे शाळेत शिकलोय, पाणी 4 डिग्रीला सगळ्यात जड असतं, ते खाली बसतं, त्याहून थंड पाणी वर तरंगतं आणि वरूनच गोठतं. म्हणजे वर छत आणि खाली मासे आपापल्या संसारात. दहावीत हे पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं, कोणी त्या छतावर स्टूल टाकून बसत असेल असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

चालायला बर्फ निदान 4 इंच जाड पाहिजे, तोही नवा, स्वच्छ, काचेसारखा. कार न्यायची तर जवळपास 1 फूट. पांढरा बर्फ, म्हणजे बर्फ पडून, भिजून परत गोठलेला, त्याची ताकद अर्धीच, म्हणून जाडी दुप्पट धरायची. मी शिवणाच्या पेटीतली पट्टी काढून 4 इंच बघितले. आमचा मिसळणाचा डबा आडवा ठेवला तर त्याच्याहून थोडा जास्त. एवढ्यावर माणूस उभा राहतो! आणि बर्फ सगळीकडे सारखा नसतो, झऱ्याजवळ, नाल्याच्या तोंडाशी पातळ, म्हणून दर थोड्या पावलांवर पहारीने ठोकून बघत जायचं. गळ्यात दोन टोकदार मुठी दोरीने अडकवलेल्या, चांभाराच्या आरीसारख्या, आत पडलोच तर त्या बर्फात रुतवून स्वतःला बाहेर ओढायचं. आणि 1-10-1 लक्षात ठेवायचं: पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध जायला साधारण 1 तास. हे मी यांना जेवताना वाचून दाखवलं ही माझी चूक, यांनी वरणभात अर्धा टाकला.

पण एक गोष्ट मला फार आवडली. ऑगरने, म्हणजे बर्फाच्या मोठ्या गिरमिटाने, 8 इंचाचं भोक पाडतात, आणि त्या भोकात पुन्हा पुन्हा बर्फाची साय धरते, ती काढायला काय वापरतात तर झारा! पोराने व्हिडिओ पाठवला, हुबेहूब आपला भजे तळायचा झारा, लांब दांड्याचा. हिवाळ्यात माणशी दोन गळ टाकता येतात, एक हातात धरून हलवत राहायचा आणि दुसऱ्याला झेंडीवालं यंत्र लावायचं, मासा ओढला की झेंडी टणकन उभी. तंबूत शेगडी लावली तर हवा खेळती ठेवायची, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच कारभार आटोपतो. आणि रात्री बर्फ आवाज करतो म्हणे, आकसतो फुगतो तसा, लांब कोणी मोठा पत्रा हलवल्यासारखा. ते ऐकायचंय मला. पण ते पुढच्या वर्षी, माझं ठरलं, पहिले कनू.

कनूचं कारण वेगळं आहे. मी सात-आठ वर्षांची असताना बाबा इरिगेशनमध्ये होते, नवेगाव बांधच्या बाजूला पोस्टिंग. तिथला एक ढिवर, म्हणजे मासेमार, आम्ही त्याला मामा म्हणायचो, त्याचा डोंगा होता, एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेला. बाबा पुढे, मामा मागे बांबू घेऊन उभा, आणि मला म्हणायचे, मधात बस पोरी, हलू नको, हात बाहेर काढू नको. डोंग्याच्या बुडाशी इंचभर पाणी असायचं, त्यात माझी फ्रॉक भिजायची आणि माशाचा वास घरी येऊन दोन धुण्यांनी पण जायचा नाही. आता पोराचं ऐकल्यावर लक्षात आलं, मी तेव्हाही डफरच होती!

तर बाउंड्री वॉटर्स. मिनेसोटाच्या अगदी उत्तरेला कॅनडाच्या हद्दीवर, जवळपास 11 लाख एकर, त्यात 1,100 च्या वर तलाव. रस्ता नाही, दुकान नाही, बहुतेक भागात मोटरबोट नाही. कोणता तलाव कुठे अशी पाटीसुद्धा नाही, नकाशा आणि कंपास. तंबू कुठेही ठोकता येत नाही, नकाशावर लाल ठिपके असतात तिथेच, आणि तिथे एक लोखंडी चूल आणि थोडं आत झाडीत एक संडास. संडास म्हणजे नुसता डबा, ना भिंत ना दार ना छप्पर. हे यांना सांगितलं तेव्हा यांनी जाहीर केलं की मी येणार नाही, तुम्ही मायलेक जा. तसंही यांना पोहता येत नाही.

पोर्टेजचं अंतर रॉडमध्ये मोजतात, 1 रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी. मी हसली, कारण बाबांची मोजणीची साखळी 66 फुटांची होती, म्हणजे बरोबर 4 रॉड. पोराला हे माहीत नव्हतं. तिकडे राहून 9 वर्षं झाली आणि रॉडचा हिशोब त्याला आईने नागपुरातून सांगितला.

आम्ही जागा निवडली लेक वन. त्याच्या पुढे लेक टू, मग थ्री, मग फोर, नावं ठेवणाऱ्याला कंटाळा आला असावा. वन ते टू मध्ये दोन छोटे पोर्टेज आहेत, शिकाऊ लोकांना बरे. थ्री-फोरच्या बाजूचं जंगल 2011 च्या पागामी क्रीकच्या आगीत जळालं होतं, वीज पडून लागलेली आग, 92 हजार एकरांच्या वर गेलं, आता तिथे नवी झाडं उभी आहेत. सप्टेंबर यासाठी की जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या जीव खातात, सप्टेंबरात त्या कमी, पानं रंग बदलतात, फक्त रात्री कधी शून्याजवळ जातं. आणि पाणी थंड, त्यामुळे लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही, मी स्वतःच हा नियम केलाय, पोराला पण लागू.

आता खाण्याचं. काचेची बाटली आणि डबाबंद कॅन तिथे नेता येत नाही, नियमच आहे. म्हणजे लोणच्याची बरणी बाद. सगळं कोरडं, हलकं, पाठीवर वाहता येईल असं. पोरगा म्हणे तिकडे फ्रीझ ड्राय जेवणाची पाकिटं मिळतात, किंमत ऐकून मी म्हटलं चूप बस. विदर्भातल्या बाईला वाळवण शिकवतात! मुंगवड्या, सातूचं पीठ, डाळ-तांदूळ भाजून मसाला घालून कोरडी खिचडी, आणि गाकर तर चुलीवरच होतात. गेल्या रविवारी ट्रायल घेतली, गच्चीवर विटांची चूल मांडून एकाच पातेल्यात मुंगवड्यांची भाजी. मुंगवड्या आधी तुपात परतायला विसरली, लगदा झाला. दुसऱ्यांदा नीट जमली. दोन माणसं, पाच दिवस, सगळं मिळून वजन 7 किलो 200 ग्रॅम, रद्दीवाल्याच्या काट्यावर मोजून आणलं, तो पण विचारत होता काकू हे कुठे विकता. मासा मिळाला तर वॉलाय नावाचा, त्याचे डोळे अंधारात टॉर्च मारला की मांजरासारखे चमकतात. सावजी मसाल्याची पुडी मी वेगळी बांधून ठेवलीय. रात्री सगळं खाणं अस्वलाला मिळणार नाही असं उंच टांगायचं किंवा अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवायचं, तो डबाच सव्वा किलोचा, आणि वजनाच्या पानावर परत खाडाखोड.

वल्ह्याची प्रॅक्टिस दिवाणावर बसून, फरशी पुसायच्या मॉपने. मागे बसणाऱ्याने नुसतं एका बाजूने ओढलं तर कनू दुसऱ्या बाजूला वळत जाते, म्हणून शेवटी वल्हं थोडं बाहेर ढकलायचं, इंग्रजी जे सारखं. कामाला येणाऱ्या ताई दारात उभ्या राहून पाच मिनिटं बघत होत्या, मग म्हणाल्या, वहिनी, पाय दुखत असतील तर मी पुसते ना.

तर आज बाउंड्री वॉटर्समध्ये जायच्या परमिटचा दिवस. सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्या तारखा जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी तिकडच्या सकाळी 9 ला उघडतात, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला. प्रत्येक जागेवरून रोज ठरावीकच ग्रुप सोडतात, चांगल्या तारखा काही मिनिटांत जातात, एकदम तत्काळ तिकिटासारखं. सव्वाआठपासून मी लॅपटॉप उघडून, पोरगा तिकडे ऑफिसात लॅपटॉप उघडून, फोन स्पीकरवर. तीन तारखा मी वहीत लिहून ठेवल्या होत्या. हे समोर टीव्हीवर बातम्या लावून बसले होते, आवाज बंद करून. ते मला तेव्हा खटकायला पाहिजे होतं.

8 वाजून 26 मिनिटांनी पोरगा म्हणाला, आई, ग्रुप लीडर मी, बदली लीडर तू, माणसं दोन, बरोबर?

तर हे टीव्हीकडे बघतच म्हणाले, त्या मधातल्या जागेवर कोण बसणार आहे?

मी म्हटलं कोणीच नाही, दोघांची कनू आहे.

मग तिघांची नसते का, हे म्हणाले. मला मधात बसायला चालतं. मला काही वल्हं वगैरे मारायचं नाही.

फोनवर पोरगा गप्प. मी पण गप्प. संडासाला दार नाही, मी आठवण करून दिली. माहीत आहे, हे म्हणाले. चार मिनिटं राहिली होती, नाहीतर मी अजून बोलली असती. पोराने तीन केलं. साडेआठला दोघांनी एकदमच बटण दाबलं, माझं चक्र फिरतच राहिलं, त्याचं लागलं, दुसरी तारीख, सप्टेंबरचा दुसरा आठवडा, लेक वन. माणशी 16 डॉलर आणि वर बुकिंगचे 6.

तिघांची कनू जास्त लांब आणि जास्त जड असते, 20 किलोत येत नाही, म्हणजे सकाळची कॅन काही कामाची नाही, त्यात अजून पाच-सात लिटर कुठून ओतू. खाण्याचं पान फाडून परत लिहायचंय, 7 किलो 200 च्या जागी पावणेअकरा तरी. आणि कनूच्या वजनाच्या पानावर, सामान लिहिलंय त्याच्या खाली, अजून एक ओळ घातलीय आत्ताच: हे, 74 किलो.