हिऱ्यांच्या देशात रुबाब गुरांचाच

बोत्स्वानाला जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात, सिंह दिसला का आणि हिरे स्वस्त मिळतात का. सिंह दिसला. हिऱ्यांच्या दुकानाची पायरीही चढलो नाही. ओकावांगो डेल्टात मोकोरोत (लांबुडकी होडी, आता बऱ्याचदा लाकडाऐवजी फायबरची) बसून पाणकमळांतून फिरलो, सुंदर आहे, पण खिशाला भगदाड पडतं, कारण पर्यटक थोडे यावेत आणि पैसे भरपूर सोडून जावेत हे तिथलं धोरणच आहे. एक गंमत सांगते, अंगोलात पडलेला पाऊस इथे पोचायला महिने लागतात, त्यामुळे जून-जुलैत आभाळात ढगाचा पत्ता नसताना डेल्टाला पूर येतो आणि ते पाणी समुद्राला मिळतच नाही, उन्हात आणि कलहारीच्या वाळूत संपतं.

पण मला लिहायचंय ते फाटकाबद्दल.

डेल्टाच्या काठच्या माऊन गावाहून राजधानी गाबोरोनीला निघालो होतो. देश महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आणि माणसं जेमतेम चोवीस लाख, त्यामुळे नुसता सरळसोट रस्ता, मोपानेची झाडं, आणि मध्येच अंगावर येणारी गाढवं, बकऱ्या, गुरं, हॉर्नला कोणी जुमानत नाही. नाटाच्या पुढे रस्त्यावर फाटक आलं. मी घाईघाईत पासपोर्ट पुढे केला तर ड्रायव्हरने मला थांबवलं, आधी फाटकावरच्या बाईंना 'डुमेला, म्मा' (नमस्कार, बाई) केलं, ख्यालीखुशाली विचारली, मग कामाचं. आणि त्या बाईंना पासपोर्ट नकोच होता. त्यांना आमच्या चपला हव्या होत्या! पायातल्या तर पायातल्या, बॅगेतल्यासुद्धा. नवऱ्याचे ऑफिसचे बूट सुटकेसच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत, तेही काढायला लावले, भर रस्त्यात आमचे कपडे बॉनेटवर, आणि सगळी पादत्राणं औषधाच्या ओल्या गोणपाटावर दाबायची. गाडीची चाकं सोड्याच्या पाण्यातून न्यायची. पुढच्या गाडीतल्या कुटुंबाकडे कूलबॉक्सभर कच्चं मटण निघालं, शिजवलेलं चालतं म्हटल्यावर त्यांनी तिथेच कडेला शेगडी पेटवली आणि निवांत भाजत बसले. मी मात्र उन्हात चिडचिड करत उभी.

कारण काय, तर लाळ्या-खुरकूत, गुरांचा साथीचा रोग. उत्तरेतल्या रानम्हशींच्या अंगात तो विषाणू असतो, आणि दक्षिणेतलं बीफ युरोपात, नॉर्वेला जातं, तिकडे रोगाची बातमी गेली की निर्यात बंद. म्हणून देशभर कुंपणं आणि ही फाटकं. 1958 मध्ये घातलेलं कुके कुंपण तर कुप्रसिद्ध आहे, दुष्काळात पाण्याकडे निघालेले विल्डबीस्ट (कळपाने हिंडणारी मोठी हरणं) अशा कुंपणांना अडून हजारोंनी मेले. प्राणी बघायला एवढे पैसे भरणाऱ्यांना हे कोणी आपणहून सांगत नाही, हे मला खटकलं.

पुढे रस्ताभर ड्रायव्हर बोलत होता. 1966 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देश जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी, आणि 1967 मध्ये ओरापाला हिरे सापडले. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीचा तो मुलूख, तरी खनिजांचे हक्क त्यांनी देशाचे केले. खाणी चालवणाऱ्या डेबस्वाना कंपनीत सरकार आणि डी बीअर्स ही हिऱ्यांची बडी कंपनी निम्मे-निम्मे, त्यातून शाळा, दवाखाने, हा गुळगुळीत रस्ता. मला खरंच कौतुक वाटलं, आपल्याकडे खाणी असलेल्या जिल्ह्यांची अवस्था बघितली की जास्तच. पण खाणीत नोकऱ्या मिळून मिळणार किती? आणि आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी बाजार पाडलाय. तुमच्या सुरतेतच बनतात ना ते, असं त्याने तोंडावर विचारलं, मी म्हटलं हो, आणि पैलू पाडायला तुमचे खरेही तिथेच येतात.

मग तुझं कसं चालतं, तर म्हणाला गुरं आहेत गावाकडे, भाऊ बघतो. किती, ते काही सांगेना. नवऱ्याने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हसून त्याने रेडिओचा आवाज वाढवला. बँकेत किती आहेत असं कोणी आपल्याला विचारलं तर आपण तरी सांगतो का!