वहीतल्या दोन ओळी

रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या, असा नेम मी मागे धरला होता. पहिले दहा-बारा दिवस हौसेत गेले. पुढे मात्र 'प्रकृती, घरचे, काम' हेच तीन शब्द, हजेरीपटावर सही ठोकावी तसे, पानापानावर उमटू लागले. एका रात्री तर मी आदल्या दिवशीच्या ओळी जशाच्या तशा उतरवून काढल्या, तेव्हा वही कपाटात गेली.

चूक नेमात नव्हती, त्याच्या रतिबात होती. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदाच अशी नोंद करणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा करणाऱ्यांचे वाढले नाही. मन सुखाला सरावते, तसेच सुख मोजण्यालाही सरावत असावे. आता मी फक्त रविवारी लिहितो आणि एकच प्रसंग लिहितो, पण बारकाव्यांसकट: अचानक पाऊस आल्यावर शेजारच्या मुलीने आमचे वाळत घातलेले कपडे न सांगता आत घेतले, घड्याही घातल्या, आणि त्यांतल्या एका सदऱ्याची एक बाही उलटीच राहिली होती. 'शेजारी चांगले आहेत' एवढेच लिहिले असते, तर ती बाही मी केव्हाच विसरलो असतो.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतील असे दिसले, आणि व्यक्तिपरत्वे हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. मला सर्वांत दिलासा वाटला तो त्यातल्या एका निष्कर्षाचा, की मध्येच एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. माझे बहुतेक संकल्प त्या एका चुकलेल्या दिवसाच्या अपराधी भावनेनेच बुडाले होते.

म्हणून नवी सवय मी जुन्या कामाला जोडतो. दात गॅलरीत उभे राहून घासतो, कारण ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो आणि सकाळच्या त्या उजेडाने शरीराचे घड्याळ जुळून रात्री झोप वेळेवर येते. फोनचा चार्जर बाहेरच्या खोलीत ठेवला आहे. त्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. मात्र उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर वही आणि उजेड यांच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडेच जावे.

गेल्या रविवारी लिहायचे राहूनच गेले. सोमवारी सकाळी ब्रश तोंडात धरून, वही कठड्यावर टेकवून दोन ओळी लिहिल्या. त्या पानावर पेस्टचा एक पांढरा ठिपका वाळला आहे.