आरटीईचा अर्ज आणि आमचं 2024 चं वर्ष

माझ्या मुलीचा पहिलीचा प्रवेश 2024 साली आरटीईतून झाला. त्या वर्षी एकाच लेकरासाठी दोनदा अर्ज भरावा लागला आणि शाळा सुरू होऊन महिना उलटल्यावर यादी लागली. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला भाड्याच्या घरात राहतो. मी घरी शिवणकाम करते, यजमान कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला आहेत. मूळ गाव पारोळा तालुक्यात. तेव्हापासून दर हंगामात ओळखीच्या बायका मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. अडलेल्या जागा बहुतेक त्याच असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आरटीई म्हणजे 2009 चा शिक्षण हक्क कायदा. खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेश स्तरावरच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. प्रवेश स्तर म्हणजे ती शाळा ज्या वर्गापासून मुलं घेते तो वर्ग. कुठे नर्सरी, कुठे पहिली. लेकरू दुसरीत गेल्यावर यातून अर्ज करता येत नाही, त्यामुळे वय वेळेत बघावं. पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना 25 टक्क्यांचा नियम लागू नाही. मनातली शाळा यादीत दिसली नाही तर हेही एक कारण असू शकतं.

सर्वात जास्त पायपीट होते ती वंचित की दुर्बल या प्रश्नावर. सेतू केंद्रात मे महिन्याच्या उन्हात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या निम्म्या बायकांना त्या दाखल्याची गरजच नसते. अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, ओबीसी, दिव्यांग मुलं, अनाथ मुलं ही वंचित गटात येतात. तिथे उत्पन्नाची अट नाही. जातीवरून अर्ज करणाऱ्यांना जातीचा दाखला लागतो, तो वडिलांचा किंवा मुलाचा, आणि प्रांत कार्यालयाकडून मिळालेला. जात वैधता मागत नाहीत. खुल्या प्रवर्गातल्या गरीब घरांसाठी दुर्बल घटक आहे. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा आणि आकडा वर्षाला एक लाखाच्या आत हवा. आम्ही ओबीसीत येतो, म्हणून यजमानांच्या जातीच्या दाखल्यावर आमचं काम भागलं.

आमची खरी अडचण राहण्याच्या पुराव्याची होती. आधारवर गावचा पत्ता. अर्जात नकाशावर घर दाखवावं लागतं आणि तिथून शाळेचं अंतर मोजतात; त्या वर्षी आधी एक किलोमीटरच्या आतली शाळा, मग तीन किलोमीटरपर्यंतची असं होतं. गावचा पत्ता टाकला असता तर अमळनेरची एकही शाळा जवळ दिसली नसती. भाडेकरूला भाडेकरार चालतो, पण तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान 11 महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या आधीचा. नोटरीचा चालत नाही.

घरमालक नाना आधी तयार नव्हते. "इतके भाडेकरू राहून गेले, नोंदणी कोणी मागितली नाही. उद्या घरावर हक्क सांगाल."

"नाना, उलट आहे. करारात मुदत लिहिलेली असते, ती संपली की खोली तुमचीच. आणि खर्च आम्ही देतो."

त्यांनी सुनेला बोलावलं, तिनं मसुदा वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी नाना स्वतः अंगठ्याचा ठसा द्यायला आले. भाड्यानं राहणाऱ्यांनी हा करार दिवाळीनंतर लगेच करून ठेवावा. अर्ज सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, कारण कराराची तारीख अर्ज भरण्याच्या आधीची लागते.

त्या वर्षी फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, ती खासगी शाळा 25 टक्क्यांतून वगळली. एप्रिलमध्ये आम्ही पहिला अर्ज भरायला बसलो तर समोर जिल्हा परिषद, पालिका आणि अनुदानित शाळाच दिसत होत्या. अनुदानित म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं ती. तिथे आठवीपर्यंत शिक्षण तसंही मोफत असतं, मग सोडत, म्हणजे लॉटरी, कशासाठी, हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाचा प्रश्न होता. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं त्या बदलाला स्थगिती दिली आणि सरकारनं अर्ज नव्यानं मागवले. ज्यांनी "आपण तर भरलाय" म्हणून दुसऱ्यांदा भरला नाही त्यांची लेकरं बाहेर राहिली. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती मजुरीवर जाणारी माणसं होती आणि त्यांना सांगायला कोणी गेलं नव्हतं.

अर्जात जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात. दहा भरल्या म्हणजे संधी वाढली असं समजून लोक रेल्वेलाइनच्या पलीकडची, रिक्षा न परवडणारी शाळाही टाकतात. असं करू नये. सोडतीत जी शाळा लागते तिथे प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीत त्या मुलाचा विचार होत नाही. जिथे रोज पोचवता येईल तेवढ्याच शाळा आम्ही टाकल्या.

सोडत जूनमध्ये निघाली, पण निकाल कोर्टासाठी थांबला. 19 जुलैला उच्च न्यायालयानं फेब्रुवारीचा बदल रद्द केला आणि मग याद्या आल्या. सासूबाई रोज अहिराणीत विचारायच्या, "पोरगीना नंबर लागना का?" एका संध्याकाळी पोर्टलवर तिचं नाव निवड यादीत दिसलं. मेसेज मात्र आलाच नव्हता, म्हणून अर्ज क्रमांक टाकून स्थिती आपणच बघत राहावी. प्रतीक्षा यादीत नाव असेल तरी बघणं सोडू नये. निवड झालेल्यांपैकी कोणी आलं नाही की ती जागा खाली येते.

निवड झाली म्हणजे प्रवेश झाला असं मात्र नाही. मध्ये पडताळणी असते. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात समिती बसते. मूळ कागद, झेरॉक्सचा संच आणि हमीपत्र घेऊन ठरलेल्या मुदतीत जावं लागतं. तिथल्या ताईंनी करारनाम्याचा नोंदणी क्रमांक आणि तारीख दोनदा तपासली, मग शिक्का मारला. तो कागद घेऊन शाळेत गेल्यावर प्रवेश पक्का.

शाळेत क्लार्कनं डिपॉझिट आणि ॲक्टिव्हिटी फी सांगितली. सरकारकडून प्रतिपूर्ती आलेली नाही, असं कारण दिलं. प्रतिपूर्ती म्हणजे या मुलांच्या फीपोटी सरकार शाळेला देतं ती रक्कम. ती उशिरा येते हे खरं, आणि शाळेची अडचणही खरी, पण तो हिशेब शाळा आणि सरकार यांच्यातला आहे. मी म्हणाले, "भाऊ, एवढी रक्कम कशाची ते लेटरहेडवर लिहून द्या, मी गटशिक्षणाधिकारी साहेबांना दाखवते." त्यांनी विषय तिथेच सोडला. लेखी मागितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, असं मी सगळ्यांना सांगते.

आणखी एक गोष्ट लोक घाईत सोडून देतात: जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेचं प्रवेशाचं मूळ रजिस्टर. पहिलीच्या प्रवेशाला त्यात जे नाव, जी जन्मतारीख चढते तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर येतं. आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव राजेंद्र आणि आधारवर राजू होतं. मी रजिस्टरची ओळ बोट ठेवून वाचली, राजेंद्र लिहून घेतलं, मग सही केली. आधार नंतर दुरुस्त केलं.

आता या वर्षीचं. यजमानांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातलं पावरा आदिवासी कुटुंब कामाला राहायला आलं. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा. हातात शाळेचा दाखला नाही, म्हणून गावातल्या शाळेनं "आधी दाखला आणा" सांगून परत पाठवलं होतं. मी सोबत गेले. दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं, हे त्याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांनी ते मान्य केलं, मुलाचा जुना रेकॉर्ड ऑनलाइन शोधला आणि त्याच्या आधीच्या शाळेला फोन लावला. मुलगा पाचवीत बसला आहे. त्याला मराठी बोलताना अडखळायला होतं, म्हणून एक शिक्षिका मधल्या सुट्टीत त्याच्याकडून वाचून घेतात. कापूस वेचून झाल्यावर कुटुंब पुन्हा गावी जाणार आहे. तेव्हा इथून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत पुढे शिकता यावं म्हणून शाळा देते ते कार्ड, घेऊनच निघायचं, हे त्याच्या आईला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे.