वहीतला 'उका' खोडला

अमावास्येनंतरची द्वितीया. सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पार ओसरलं आणि आठ वाजता मी दुर्बीण घेऊन खाडीच्या बांधावर बसलो. पंधरा-वीस मिनिटं जराही हललं नाही की फिडलर खेकडे बिळांतून वर येतात.

या हंगामातलं खरं काम मात्र वहीत होतं. तीन वर्षं मी दिसलेल्या सगळ्या फिडलरांपुढे 'उका' हे वंशाचं (जीनसचं) नाव एवढंच लिहीत आलो. २०१६ मध्ये शिह या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे हा मोठा वंश फोडून ११ वंश मान्य केले. खुद्द उका आता अमेरिका खंडांच्या किनाऱ्यांपुरता उरलाय. आपल्याकडे बघायचे ते मुख्यतः ऑस्ट्रुका, ट्युबुका आणि जेलासिमस.

त्यातली एक गोष्ट वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. पुळणीवर धावणारा भूत खेकडा, म्हणजे ऑसिपोड, हा उका आणि आफ्रुका यांच्यासोबत एका उपकुलात, म्हणजे कुलाच्या एका शाखेत, बसतो, आणि आपले खाडीतले फिडलर वेगळ्या उपकुलात, जेलासिमिनीत. ब्राझीलचा उका माराकोआनी आणि आपला ऑस्ट्रुका, दोघांच्या नराला एक नांगी अवाढव्य. दिसायला सख्खे भाऊ वाटतील, पण माराकोआनीचं जवळचं नातं भूत खेकड्याशी आहे!

आता चिखलाकडे. सगळ्यात आधी बघायचं ते कपाळ, म्हणजे दोन डोळ्यांच्या दांड्यांमधली जागा. ऑस्ट्रुकाचं कपाळ रुंद, ट्युबुका आणि जेलासिमसचं अगदी चिंचोळं, दांड्या जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या. वरच्या अंगाला, वाळू मिसळलेल्या चिखलात रुंद कपाळाचेच होते. मोठी नांगी बाहेरून गुळगुळीत, आणि ती बाजूला फिरवून वर नेण्याची ढब. हे ऑस्ट्रुका अ‍ॅन्युलिपीस, माझ्या मनात शंका नाही. पाण्याच्या कडेला, पाय रुतेल अशा गाळात चिंचोळ्या कपाळाचे दिसले. त्यांच्या नांगीवर ठळक दाणे होते आणि ती सरळ वर-खाली हलत होती. म्हणून ट्युबुका.

पण ट्युबुकापुढचं जातीचं नाव मी पेन्सिलीनेच लिहिलंय. पूर्वी बिनधास्त 'डुसुमिएरी' लिहायचो. २०१८ मध्ये हिंदी महासागरातून ट्युबुका अल्कोकी ही नवी जात वेगळी काढली गेली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये काम केलेल्या आल्फ्रेड अल्कॉक यांचं नाव तिला दिलंय. भारतीय खेकड्यांवर त्यांनी जे लिहून ठेवलं ते पाहता हा मान त्यांना मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला. इतक्या सारख्या जाती दुरून काढलेल्या फोटोवरून ठरवू नका, ही कळकळीची विनंती.

जेलासिमस अजून सापडलेला नाही. त्याची एक खूण मात्र दुर्बिणीतून सहज मोजता येते. इतर बहुतेक फिडलरांत मोठी नांगी निम्म्या नरांत डावी, निम्म्यांत उजवी. जेलासिमस व्होकान्सच्या गोतावळ्यात जवळजवळ सगळे नर उजवे. परवा वरच्या अंगाला चाळीसेक नर मोजले, डावे-उजवे साधारण सारखेच होते. पौर्णिमेनंतरच्या ओहोटीला खाडीच्या मुखाशी बसणार आहे. तिथे चिंचोळ्या कपाळाचे सलग उजवे नर दिसले, तर वहीत नवं पान उघडीन.