डिसेंबर सोडला आणि गुलमर्ग गावलं

आम्ही आधी तारीख ठरवली आणि मग ठिकाण शोधायला बसलो. सगळा घोळ तिथंच झाला.

२७ डिसेंबर २०२३ ला आमच्या लग्नाला दहा वर्षं होणार होती. दहा वर्षांत दोघंच असे कुठं गेलो म्हणाल तर आंबोली, तेही भर पावसात, सकाळी जाऊन संध्याकाळी बेळगावात परत. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर. चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड दिवसभर डोळ्यांसमोर ओतलं जातं, त्यामुळं असेल, बर्फाचं मला भारी वेड. त्यात ऑक्टोबरात सांबऱ्याहून दिल्लीचं थेट विमान सुरू झालं. तोवर दिल्ली म्हणजे गोवा एक्स्प्रेस आणि दीड दिवसाची शिदोरी. मी म्हटलं, "स्कीइंग शिकूया." ही म्हणाली, "शिका तुम्ही. मी खिडकीत बसून चहा पिते. फक्त तुम्ही पडताना तिथनं दिसायला पायजे."

सुरुवात चुकीचीच केली. शहरातल्या एका एजंटाकडं गेलो, त्यानं 'काश्मीर कपल पॅकेज, स्कीइंगसह' असा कागद पुढं केला आणि मी पाच हजार ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो. घरी आल्यावर हिनं विचारलं, "स्कीइंग किती दिवस?" फोन लावला. "दिवस कुठले साहेब, तासभर. फोटो छान निघतात की." ते पाच हजार अजून यायचे आहेत.

मग स्वतःच चौकशीला लागलो. आपल्या देशात नवशिक्यानं स्की शिकायला जायचं तर मुख्य नावं तीन: काश्मीरातलं गुलमर्ग, उत्तराखंडातलं औली आणि मनालीजवळचं सोलंग. औलीवर माझा जीव जडला होता. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्सही तिथं चालतात. पण जोशीमठात २०२३ च्या जानेवारीत घरांना तडे गेले तेव्हा बंद केलेला तिथून औलीला जायचा रोपवे आम्ही चौकशी केली तेव्हाही बंदच होता. शिवाय हृषीकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटरच्या घरात, सगळा घाटरस्ता. चोर्ला घाटात हिला दोनदा गाडी थांबवावी लागते. जाऊन-येऊन चार दिवस रस्त्यातच गेले असते.

सोलंगचं लवकर उरकलं. जाणं सोपं, पण गर्दी बर्फात खेळायला येणाऱ्यांची. चार दिवस नेटानं शिकायचं तर मला ते पटेना.

मध्येच भाच्यानं अल्माटीचं पिल्लू सोडलं. कझाकस्तानला आपल्याला चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, आणि शिम्बुलाकचे स्कीचे उतार शहराला लागूनच. मी लगेच हिशेब मांडायला बसलो. कपाटातून पासपोर्ट काढला तर त्याची मुदत संपून वर्ष झालेलं. विषय मिटला.

राहिलं गुलमर्ग. तेही डिसेंबरातच, या हट्टावर मी होतो. तो हट्ट मोडला आमच्या गल्लीतल्या मामांनी. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, काश्मीरात दोन हिवाळे काढलेले. कट्ट्यावर बसून मोबाइलात हॉटेलं चाळत होतो, तर म्हणाले, "काय करूलास रे?" सांगितलं. "डिसेंबरात जाऊन काय वाळकं गवत बघणार? चिल्ला-ए-कलान बसतो २१ डिसेंबरला, चाळीस दिवसांचा. थंडी तेव्हा हाडात शिरते. पण थंडी पडली म्हणजे बर्फ पडला असं नसतं रे बाबा. ढग पश्चिमेकडनं यायला लागतात."

नंतर वाचलं ते हेच. भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे पश्चिमी विक्षोभ म्हणजे तिकडचा हिवाळी पाऊस. आले तर बर्फ, नाही आले तर नुसता गारठा. आपल्याकडं मृग कोरडा जातो आणि आर्द्रा झोडपतो, तसलंच. डिसेंबरअखेरीस बर्फ मिळतोही, पण फेब्रुवारीत तो साठलेला असण्याची आशा जास्त. ही सोसायटीत नोकरीला, मार्चात त्यांची वर्षअखेर, रजेचं नावच काढायचं नाही. म्हणजे फेब्रुवारी. लग्नाच्या वाढदिवसाचं काय, असं मी जरा चाचरतच विचारलं. म्हणाली, "त्या दिवशी कुंदा आणा पावशेर. बर्फाला तारीख माहीत नसते."

आणि झालंही तसंच. जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर गुलमर्गचं तपकिरी मैदान दाखवत होते. आई आत-बाहेर करत म्हणायची, "बघा, देवानंच अडवलं." मी वरवर हसत होतो, पण तोवर फेब्रुवारीची तिकिटं काढलेली, पोटात गोळा. बर्फ आला तो जानेवारी सरता सरता. २१ फेब्रुवारीपासून तिथं खेलो इंडियाचे हिवाळी खेळ होते, ती गर्दी नको म्हणून आम्ही दुसरा आठवडा धरला होता.

हॉटेल निवडायला मात्र हिचं ते चहाचं वाक्यच कामाला आलं. गुलमर्ग म्हणजे साधारण २,६५० मीटरवरचं बशीसारखं मैदान. गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, तिथून कोंगडोरीच्या टप्प्याला आणि पुढं अफरवट डोंगराच्या अंगावर ३,९५० मीटरच्या आसपास नेतो, पण वरचे उतार मुरलेल्यांचे, हिमकड्यांचा धोका असलेले. नवशिक्यांचे उतार खाली मैदानाच्या कडेलाच. तेव्हा मी प्रत्येक हॉटेलाला एकच विचारत सुटलो: खोलीच्या खिडकीतून शिकायचा उतार दिसतो का? दोघांनी फोन ठेवला. एकानं 'सब दिखता है' म्हणून सांगितलं. चौथ्यानं खिडकीत उभं राहून व्हिडिओ पाठवला, त्यात लहान पोरं स्कीवरून धडपडत होती. तेच घेतलं.

बारीकसारीक गोष्टी मामांनीच सांगितल्या. बाहेरचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, म्हणून माझं पोस्टपेड करून घेतलं. सुती मोजे नकोत, घामानं भिजले की पाय गारठतात, लोकरीचे घे. जाकीट, बूट, स्की सगळं तिथं भाड्यानं मिळतं, भाव आदल्या संध्याकाळी ठरव. परतीच्या विमानाआधी एक रात्र श्रीनगरात काढ, बर्फानं विमानं अडतात. टंगमर्गला टॅक्सीवाल्यानं चाकांना साखळ्या चढवल्या आणि शेवटचे तेरा किलोमीटर मी दाराचा दांडा सोडला नाही.

स्कीचा बूट मात्र कुणी नीट सांगितला नव्हता. फौंड्रीत ओतकामाचा साचा, मोल्डबॉक्स, आवळावा तसा तो आवळतात. चार बकलं, एकेक कट्कन बसतं. नडगी पुढच्या प्लास्टिकला टेकलेली आणि घोटा हलेल तर शपथ. इन्स्ट्रक्टर म्हणत होता, "व्ही बनाओ जनाब, आगे झुको." व्ही म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. पुढं वाकायला मन घेत नाही, उतारावर माणूस मागंच रेलतो. मागं रेललं की स्की निसटतात आणि आपण बसलो. पहिल्या सकाळी मोजत होतो, सतरानंतर सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी व्ही धरून मी पन्नासेक पावलं खाली आलो आणि स्वतःच्या मनानं थांबलो.

मान वर करून खिडकीकडं बघितलं तर ती रिकामी. ही खाली बर्फात, पायात भाड्याचे बूट, इन्स्ट्रक्टरचा दंड धरून उभी. बाजूनं हुबळीकडचं एक कुटुंब चाललं होतं. हिचा तोल गेलेला बघून त्यातले गृहस्थ ओरडले, "हुशार री, हुशार!" कानडीत सांभाळा म्हणायचं होतं त्यांना. ही फतकल मारून बर्फात बसली आणि हसत सुटली. मला म्हणते, "ऐकलंत का? पडल्यावर हुशार म्हणणारं माणूस भेटलं एकदाचं."