आमच्या आराशीतले महालनबीस डॉक्टर

२०२३ च्या गणपतीत नाशकात ज्या गल्लीत वळावं तिथे चांद्रयान होतं. कुठे पुठ्ठ्याचं, कुठे पत्र्याचं, कुठे खालून धूर सोडणारं. यान नुकतंच ऑगस्टमध्ये उतरलेलं, तेव्हा ते साहजिकच. रविवार कारंज्यापासून भद्रकालीपर्यंत त्या यानांच्या गर्दीत आमच्या मंडळाची आरास काय, तर जमिनीवर निजलेले पेशंट, एक मोठा ड्रम आणि धोतरातला नाही, पँट-शर्टातला बंगाली डॉक्टर. वर्गणीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "हे कोण बुवा?"

विषय सुचवला गल्लीतल्या मेडिकलवाल्या ताईंनी. आमच्याकडे आराशीची बैठक म्हणजे दरवर्षीचं रीतसर भांडण. निम्म्यांना ज्योतिर्लिंगं हवी होती, उरलेल्यांना अर्थातच यान. ताई म्हणाल्या, "जुलाब लागले की माझ्या दुकानातून ओआरएस नेता ना? मग ज्या माणसानं ते हजारो लोकांना पाजून दाखवलं, त्याला एक वर्ष द्या." दिलीप महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले आणि जानेवारीत त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. तोवर आमच्यापैकी कुणी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले एक काका तर हटूनच बसले, "अहो, ते आकडेशास्त्रवाले महालनबीस!" ते प्रशांतचंद्र, हे दिलीप, हे त्यांना पटवण्यात बैठकीची अर्धी वेळ गेली.

गोष्ट १९७१ ची. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते आणि छावण्यांत कॉलरा पसरला होता. सीमेजवळच्या बनगावच्या दवाखान्यात दोन खोल्या, पेशंट जमिनीवर. सलाईन लावायचं तर उलटी-जुलाबाच्या घाणीतच गुडघे टेकून बसावं लागायचं. त्यात सलाईनचा साठा संपत आलेला, ते लावता येणारी माणसं मोजकी. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी गेल्यामुळे. पण आतड्याची एक वाट त्या आजारातही चालू राहते : ग्लुकोजच्या सोबतीनं मीठ आत शिरतं आणि त्यांच्यामागून पाणी. ढाक्यातल्या डॉक्टरांनी हे १९६८ मध्ये पेशंटवर तपासून पाहिलेलं होतं. पण ते दवाखान्यात, देखरेखीखाली. इथे चिखलात, गर्दीत जमेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. महालनबीसांनी ठरवलं, जमवायचं. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. मोठ्या ड्रमांत भरून ठेवलं आणि पाजायला दिलं ते पेशंटच्या नातेवाइकांकडे. सुमारे ३० टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्याचा निबंध १९७३ मध्ये छापून आला, तोही आधी नकार पचवून. पुढे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं १९७८ मध्ये या उपचारामागच्या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं.

आराशीसमोर रोज संध्याकाळी दहा मिनिटांची नाटुकली व्हायची. पहिल्या तालमीत आमच्या पोरांनी डॉक्टरला मधोमध उभा केला, गळ्यात स्टेथोस्कोप, तोंडात लांबलचक भाषण. ताईंनी भाषण कापलं आणि डॉक्टरला ड्रमापाशी, कडेला धाडलं. म्हणाल्या, "पाजणाऱ्या बाया पुढे घ्या." डॉक्टर झालेला पोरगा दोन दिवस फुगून बसला होता. पण मला विचाराल तर त्या एका बदलानं नाटुकली उभी राहिली. गल्लीतल्या काकू, मावश्या हातात मग घेऊन नुसत्या पेशंटजवळ बसायच्या. एका आजींनी पहिल्याच दिवशी पेशंट झालेल्या पोराचं तोंड पदरानं पुसलं. कुणी सांगितलं नव्हतं तसं. पोरं आधी फिदीफिदी हसली, मग गप्प झाली. डॉक्टरांनी बनगावात नेमकं काय केलं ते मला तेव्हा कळलं. औषध आईच्या हातात देऊन बाजूला व्हायला डॉक्टरला केवढा विश्वास लागत असेल! त्या माणसानं पेटंट घेतलं नाही आणि उतारवयात कोलकात्याच्या बालरुग्णालयाला एक कोटी रुपये देऊन टाकले, हे ऐकून तर आमचे खजिनदार बराच वेळ काही बोललेच नाहीत.

बक्षीस चांद्रयानालाच मिळालं, त्याचं काही नाही.

पण त्या वर्षी मोदक स्पर्धेच्या जोडीला ताईंनी साखर-मिठाच्या पाण्याची स्पर्धा लावली, आणि ती आता दरवर्षी असते. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागली की बाद. पहिल्या वर्षी निम्म्या बायका बाद झाल्या. कुणी लिंबू पिळलं, कुणी जिऱ्याची पूड घातली, एकीनं तर चव यावी म्हणून साखर दुप्पट केली. ताई ओरडल्या, "साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, बाई! सरबत नाही करायचंय." ओआरएसच्या पाकिटाचंही त्या दरवर्षी बजावतात, कारण एक लिटरचं अख्खं पाकीट एका ग्लासात कालवणारे गल्लीत अजून आहेत.

गेल्या खेपेला चमच्यावरून जुंपली. एक काकू शीग लावून साखर मोजत होत्या. शेजारच्या मावशींनी सुरीच्या पात्यानं त्यांचा चमचा सपाट करून दिला. काकू म्हणाल्या, "माझ्या घरी असाच मोजतात!" मावशी म्हणाल्या, "तुमच्या घरी चहाला मोजा तसं." परीक्षक ताईंनी दोघींना उत्तेजनार्थ दिलं, तर आता दोघी ताईंवर रुसल्यात.